नजरेतून सुटलेली पुंगळी

१

निमिषचा उजवा डोळा वाचला तो चष्म्यामुळे. संरक्षक चष्मा घातल्याशिवाय रेंजवर कोणाला बाकाजवळ बसू देत नाहीत, आणि निमिष त्यावरून दर वेळी कुरकुर करायचा. त्या रविवारी सकाळी त्याने रायफलचा चाप ओढला. गोळी पुढे गेली, पण तिला ढकलणारा तप्त वायू मागच्या बाजूनेही बाहेर फुटला. रायफलचा लाकडी दस्ता चिरला, चष्म्याच्या काचेत पितळाचे कण रुतले आणि काचेच्या खाली, गालावर, टाके घालावे लागतील अशी जखम झाली.

काडतूस त्याच्या वडिलांनी घरी भरलेलं होतं.

निमिषच्या आईचा, मालिनीकाकूंचा, शैलजाला मंगळवारी फोन आला. निमिष ठीक आहे असं त्यांनी आधी सांगितलं, मग पुन्हा एकदा सांगितलं, आणि मग आवाज उतरवून म्हणाल्या, "तू जरा येतेस का? हे धड जेवत नाहीयेत. गॅरेजमधली सगळी अवजारं खोक्यांत भरून ठेवलीत."

शैलजा बेलव्ह्यूमधल्या एका प्रयोगशाळेत धातूंचं काम करायची. यंत्राचा एखादा भाग तुटला की तो का तुटला हे तिथे शोधतात. काकूंनी तिला बोलावलं ते मात्र त्यासाठी नव्हे. अमेरिकेत आल्यावर शैलजाचं पहिलं वर्ष याच घराच्या तळघरात गेलं होतं. गाडी चालवायला तिला मोरेश्वरकाकांनी शिकवलं होतं. शिकता शिकता तिने त्यांच्या नव्या गाडीचा आरसा खांबावर आपटून तोडला, तेव्हा काका खांबाकडे बघून म्हणाले होते, "याला काही लागलं नाही ना?"

मोरेश्वरकाकांना नेमबाजीचा नाद पुण्यात कॉलेजात एन.सी.सी.त असताना लागला होता. निवृत्त झाल्यावर ते डोंगराकडच्या एका रायफल क्लबात जाऊ लागले. काडतूस उडालं की मागे पितळेची पुंगळी उरते. ती गोळा करायची, धुवायची, यंत्रात दाबून मूळ मापावर आणायची आणि तिच्यात ठिणगी पाडणारी नवी टोपी, नवी दारू, नवी गोळी भरायची, असा तिथल्या बऱ्याच जणांचा शिरस्ता. एकच पुंगळी अनेकदा वापरता येते, पण दर वेळी पितळ थोडं ताणलं जातं, थोडं झिजतं. कोणती अजून चालेल आणि कोणती फेकायची, हे ओळखणारा माणूस लागतो. क्लबात तो माणूस म्हणजे काका. नव्या पोरांच्या पुंगळ्या त्यांच्या हाताखालून गेल्याशिवाय भरल्या जात नसत.

आता शनिवारी क्लबची समिती बसणार होती. काकांच्या तपासणीत चूक निघाली तर ते काम त्यांच्याकडून जाणार होतं. पण काका समितीसाठी थांबलेच नव्हते. त्यांनी निकाल स्वतःच लावून टाकला होता.

"तडा असणार," शैलजा आल्या आल्या ते म्हणाले. "माझ्या नजरेतून सुटला. पोराच्या तोंडावर फुटणारी वस्तू मी माझ्या हाताने भरून दिली त्याला."

२

गॅरेजमध्ये काकांचं टेबल मोकळं होतं. प्रेसवर, म्हणजे पुंगळ्या दाबायच्या यंत्रावर, जुनी चादर टाकलेली होती. शैलजाने चादरीकडे न बघता एक स्टूल ओढलं आणि विचारलं, तुम्ही तपासता कसं ते मला दाखवा.

काका आधी नको म्हणाले. मग सवयीने हात चालू लागला. पुंगळीचा गळा, म्हणजे गोळी बसते ते टोक, उजेडात धरून तडा आहे का ते बघायचं. बुडाच्या जरा वर, बाहेरून चकचकीत कडं उमटलंय का ते बघायचं, कारण पितळ आतून पातळ होऊ लागलं की बाहेर तिथे अशी रेघ येते. मग एका वाकवलेल्या तारेचं टोक आत घालून भिंतीवरून फिरवायचं. खाच असेल तर टोक अडकतं. शिवाय पुंगळी उडाली की धुण्याआधीच बुडावर पक्क्या शाईचा ठिपका द्यायचा, दर वापराला एक. चार ठिपक्यांनंतर पुंगळी बाद.

"त्या रविवारच्या पुंगळ्यांचे ठिपके?"

काकांनी मान खाली घातली. त्या खोक्यातल्या एकाही पुंगळीवर ठिपका नव्हता. द्यायचेच राहिले असणार. वय झालं, ते म्हणाले, नजर जाते तशी आठवणही जाते. बाकी त्या पुंगळ्या दिसायला सुरेख होत्या, इतक्या लखलखीत की त्यांचं त्यांनाच नवल वाटलं होतं. आणि भरतानाही त्रास असा झालाच नाही. त्यांचा उजवा खांदा वर्षभर आखडलेला होता, प्रेसचा दांडा ओढताना कळ यायची. त्या दिवशी मात्र दांडा नुसता हात ठेवला की खाली येत होता. खांद्याचे व्यायाम करून घेणाऱ्या मुलीला त्यांनी फोन करून धन्यवादही दिले होते.

"खांदा आता कसा आहे?" शैलजाने विचारलं.

"परत आखडला. काळजीने असेल."

सुमित्रामावशी लाडू घेऊन आली. ती काकूंची धाकटी बहीण, नागपूरहून सहा महिन्यांसाठी आलेली. नवरा गेल्यापासून ती कोणाच्या घरी राहायची म्हणजे आधी तिथली भांडी घासायची, मग पाहुणी व्हायची. स्टीलच्या ताटाच्या कडेला जांभळट झाक होती. शैलजाची नजर तिथे गेलेली पाहून मावशी ओशाळली. म्हणाली, घासून घासून हात दुखले पण हा डाग काही निघत नाही, तू लाडू बघ.

शैलजाने लाडू घेतला. मग काकांनी रुमालात बांधून ठेवलेला तुकडा काढून तिच्या तळहातावर ठेवला. फुटलेल्या पुंगळीचं बूड होतं ते. तिने पर्समधलं भिंग डोळ्याला लावलं आणि तुकडा कडेकडेने फिरवून पाहिला.

तडा गेलेलं पितळ काचेसारखं तुटतं, कडा धारदार राहते. या तुकड्याची कडा तशी नव्हती. बूड फुगलं होतं, पसरलं होतं आणि मगच फाटलं होतं, ओढून तोडलेल्या कणकेसारखं.

"काका," ती म्हणाली, "यात तडा नव्हता."

काकांनी तुकडा परत रुमालात गुंडाळला. तू माझी बाजू घेणारच, असं ते म्हणाले नाहीत, पण ते म्हटल्यासारखंच झालं.

३

बुधवारी सकाळी शैलजाने बाकीच्या शक्यता एकेक करून फोनवरच मोडीत काढल्या. नळीत काही अडकलं होतं का? क्लबच्या बंदूक-मिस्तरीने नळी तपासली होती, ती सरळ आणि स्वच्छ होती. दारू जास्त पडली होती का? निमिषच्या पेटीत उरलेली काडतुसं मिस्तरीने उघडली होती, सगळ्यांत दारू नेमकी होती. त्यांतल्या रिकाम्या केलेल्या दोन पुंगळ्या त्याने शैलजासाठी बाजूला ठेवल्या.

मिस्तरीचा स्वतःचा संशय संजीववर होता. संजीव नागपूरचा, सॉफ्टवेअरमध्ये. ग्रीन कार्ड हातात पडलं त्या आठवड्यात त्याने क्लबचं सभासदत्व घेतलं होतं, आणि काकांच्या मागे मागे फिरून तो सगळं शिकला होता. तो पुंगळ्यांना चकाकी आणायला अमोनियाचं पॉलिश वापरतो, असं मिस्तरीचं म्हणणं. अमोनियाने पितळाला बारीक भेगा पडतात हे शैलजाला ठाऊक होतं. इंग्रजांच्या काळात हिंदुस्थानात घोड्यांच्या पागेजवळ ठेवलेली काडतुसं पावसाळ्यात आपोआप तडकत, ती त्याच कारणाने. पण त्या भेगासुद्धा धारदारच असतात. कणकेसारखं ताणलेलं पितळ अमोनियाने होत नाही.

मिस्तरीकडच्या दोन पुंगळ्या तिने प्रयोगशाळेत नेल्या. शेजारी काकांच्या जुन्या, ठिपकेवाल्या पुंगळ्यांतली एक ठेवली. दिव्याखाली फरक दिसत होता. जुनी पिवळी होती. या दोन लखलखीत होत्या खऱ्या, पण त्यांच्यावर किंचित गुलाबी छटा होती, जणू पितळात तांबं वर आलं होतं.

कडकपणा मोजायच्या यंत्रात हिऱ्याचं बारीक टोक धातूवर दाबतात आणि खड्डा केवढा पडला ते बघतात. काकांच्या जुन्या पुंगळीच्या बुडावर इवलासा खड्डा पडला. मिस्तरीकडच्या पुंगळीवर पडला तो बघून शैलजाने यंत्र तपासलं आणि पुन्हा टोक दाबलं. तोच आकडा आला. बुडाचा कडकपणा निम्म्याहूनही कमी होता.

काडतुसाचा सगळा जोर बूड पेलतं. कारखान्यात पितळ ठोकून, दाबून कडक करतात ते त्यासाठीच. हे पितळ कोणीतरी तापवलं होतं, आणि तापवून मऊ झालेलं पितळ डोळ्यांना कडक पितळासारखंच दिसतं. तारेचं टोक तिथे कुठेही अडकत नाही.

म्हणजे एक पुंगळी खराब नव्हती. अख्खी बॅच खराब होती.

तिने निमिषला फोन लावला आणि विचारलं, त्या बॅचची आणखी काडतुसं कोणाकडे आहेत?

"संजीवकडे," निमिष म्हणाला. "बाबांनी परत मागितली होती. बट ही इज सो स्टबर्न, ताई. तो म्हणाला, काकांवर माझा पूर्ण ट्रस्ट आहे, मी सगळी फायर करून कमिटीला रिकाम्या पुंगळ्या दाखवतो. आज दुपारी जाणार होता."

घड्याळात दुपार उलटत आली होती. संजीवचा फोन कोणी उचलत नव्हतं.

४

डोंगराकडच्या रेंजवर मोबाइल लागत नाही. क्लबच्या कचेरीत फोन वाजून वाजून बंद झाला. शैलजाने प्रयोगशाळेचा कोट खुर्चीवर टाकला आणि गाडी काढली. रेंजकडे जायचा रस्ता संजीवच्या ऑफिसवरून जात होता, म्हणून जाता जाता तिने पार्किंगकडे नजर टाकली.

त्याची गाडी तिथे होती.

संजीव लॉबीत आला तो तोंड पाडूनच. हाफ डे टाकला होता, तो म्हणाला, निघतच होतो, आणि कंपनीचा सर्व्हर बसला. मॅनेजरने दारातून परत आणलं. फोन आत टेबलावर राहिला. "काकांसाठी एक गोष्ट करायला निघालो, यार, ती पण करू दिली नाही."

काडतुसं घरी होती, कपाटात, कुलपात. शैलजा लॉबीतल्या सोफ्यावर बसली आणि तिने त्याला शांतपणे सगळं सांगितलं. ऐकता ऐकता संजीवचा रंग उडाला. मग त्याने काचेतून आत, आपल्या मॅनेजरच्या दिशेने पाहिलं.

"आता त्याला थँक यू म्हणावं लागणार मला," तो म्हणाला. "तो फार मिरवेल ते."

दोघं हसले, आणि हसू ओसरल्यावर शैलजाने विचारायचं ते विचारलं. पुंगळ्या तापवायची एक रीत असते हे तिने वाचलं होतं. गळा पुन्हा पुन्हा वापरून कडक होतो, तडकू नये म्हणून तेवढाच भाग गॅसच्या ज्योतीवर धरून मऊ करतात. संजीवकडे तसली बत्ती होती. काकांच्या पुंगळ्या त्याने कधी तापवल्या होत्या का?

संजीव दुखावला, पण त्याने उत्तर सरळ दिलं. तापवल्या होत्या, उन्हाळ्यात, दुसऱ्या एका बॅचच्या. पुंगळ्या तो पाण्याच्या थाळीत उभ्या करतो, बूड पाण्यात, गळा वर. बूड तापलं तर काय होतं हे पहिल्या दिवशी काकांनीच बजावलं होतं. ही बॅच तर त्याच्याकडे आली ती भरलेली काडतुसं म्हणूनच. "तुला वाटतं मी असं करेन?"

"वाटण्याचं काय," शैलजा म्हणाली. "पुंगळी सांगते आहे की तू केलेलं नाहीस."

तिने दोन्ही पुंगळ्या गळ्यापासून बुडापर्यंत ठिकठिकाणी मोजल्या होत्या. बत्तीची ज्योत एका जागी लागते. तिथे मऊ, पुढे कडक, असा उतार दिसायला हवा होता. इथे वरपासून खालपर्यंत सगळीकडे एकच आकडा. दोन्ही पुंगळ्यांतही तोच. त्या साऱ्या एकत्र, एकाच उष्णतेत, तासन् तास बसल्या होत्या. ती उष्णता इतकी होती की पक्क्या शाईचे ठिपकेसुद्धा जळून गेले. काका ठिपके द्यायला विसरलेच नव्हते.

आणि दांडा हलका आला तो खांदा बरा झाला म्हणून नव्हे.

"एवढी भट्टी काकांच्या गॅरेजमध्ये कुठे आहे?" संजीवने विचारलं.

गॅरेजमध्ये नव्हतीच. शैलजा उठून उभी राहिली. तिला ते लाडूंचं ताट आठवलं होतं.

५

स्टील तापलं की त्यावर रंग चढतात. आधी फिकट पिवळा, मग तपकिरी, मग जांभळा, मग निळा. रंगावरून उष्णता किती होती ते सांगता येतं, आणि तो रंग घासून जात नाही. शैलजाने विद्यार्थिदशेत हा तक्ता पाठ केला होता, आणि काल तोच रंग समोर धरलेला असताना ती लाडू खात बसली होती.

काकूंच्या स्वयंपाकघरात तिने ओव्हनचं दार उघडलं. आत कढई, दोन तवे आणि इडलीपात्र होतं. काकू हसल्या. आपल्याकडे ओव्हन कोण वापरतं, त्या म्हणाल्या, ते आमचं जास्तीचं कपाट. आमचे हे मात्र वापरतात, धुतलेल्या पुंगळ्या ताटात पसरून वाळायला ठेवतात, नुसत्या कोमट हवेत.

शैलजाने आतली जाळी ओढून पाहिली. चकाकी गेलेली, करडी पडलेली, आणि रुळावर अडखळत येणारी.

"हा ओव्हन इतका स्वच्छ कोणी केला, काकू?"

सिंकपाशी उभ्या असलेल्या सुमित्रामावशीने मागे वळून पाहिलं. तिचा चेहरा कौतुक ऐकायला तयार झालेल्या माणसाचा होता. गणपतीच्या आधी, ती म्हणाली. ताई आणि भाऊजी बारशाला पोर्टलंडला गेले होते. हा तळाशी काळा मिट्ट झाला होता. बटणावरचं निमिषने मागे एकदा वाचून दाखवलं होतं, स्वतःचं स्वतः साफ होतं म्हणे. भांडी बाहेर काढली आणि बटण दाबलं. दाराला आपोआप कडी लागली, घरभर वास सुटला, दुपार गेली तरी दार उघडेना. ती घाबरली होती.

"सगळी भांडी बाहेर काढली होती, मावशी?"

"सगळी. भाऊजींचं ताट सोडून." ती अगदी सहज बोलून गेली. "त्यांच्या पुंगळ्यांना हात लावायचा नाही, असं पहिल्याच दिवशी ताईने बजावलं होतं. म्हणून मी हातच लावला नाही."

स्वयंपाकघरात नळाचं पाणी तेवढं वाहत होतं. शैलजाने हात लांबवून तो बंद केला.

दार उघडल्यावर, मावशी पुढे सांगत होती, बघते तर पुंगळ्या काळ्या ठिक्कर. लोकांच्या घरी राहायचं आणि वर त्यांच्या वस्तूंची नासाडी करायची. मग तिने चिंच आणि मीठ घेऊन एकेक पुंगळी आतून बाहेरून घासली, देवाची उपकरणी घासावी तशी. पहिल्यापेक्षा छान निघाल्या. ताट तेवढं निघालं नाही. पुंगळ्या परत त्यात तशाच मांडून ठेवल्या, भाऊजींच्या लक्षातही आलं नाही.

ती थांबली. बहिणीचा चेहरा तिने पाहिला, मग शैलजाचा. ती काही भोळी नव्हती. तिने चाळीस वर्षं संसार केला होता आणि दूध नासल्याचं तिला वासावरून कळायचं.

"निमिषचं ते... यामुळे झालं?"

शैलजाने आयुष्यात कधी निष्कर्ष बदलून सांगितला नव्हता. "ओव्हन साफ होतो तो भट्टीसारखा तापून. त्या उष्णतेने पितळ मऊ झालं, मावशी. काळं राहिलं असतं तर काकांनी फेकून दिलं असतं. घासल्यावर ते ओळखू येणं शक्य नव्हतं. कोणालाच."

मावशी खाली बसली. फरशीवरच बसली. काकू तिच्याकडे धावल्या, आणि तेवढ्यात गॅरेजच्या दारातून काका आत आले. ते केव्हापासून तिथे होते कोण जाणे. त्यांनी मावशीकडे पाहिलं नाही. खुर्ची ओढून ते शैलजासमोर बसले आणि एखाद्या डॉक्टरला विचारावं तसं त्यांनी विचारलं.

"म्हणजे मी बघितलं, ते बरोबर बघितलं होतं?"

"गळ्याला तडा नव्हता, काका. कडं नव्हतं. आत खाच नव्हती. जे नव्हतंच, ते तुम्हाला दिसलं नाही."

काकांनी चष्मा काढला. बराच वेळ ते तो सदऱ्याच्या टोकाने पुसत राहिले. नंतर उठले, फरशीवर सुमित्रामावशीशेजारी मांडी घालून बसले, तेही गुडघ्यांची कुरकुर ऐकू येईल इतक्या कष्टाने.

"हात लावायचा नाही हा नियम माझा," ते तिला म्हणाले. "कशासाठी, ते मी कधी सांगितलं नाही कोणाला. तू पाळलास. घरात दुसरं कोणी पाळत नाही."

मावशी तोंडावर पदर धरून रडत होती. पोराचा डोळा, पोराचा डोळा, एवढंच म्हणत होती.

"डोळा आहे," काका म्हणाले. "दोन्ही आहेत. आणि सुमित्रा, चिंचेचं मात्र मला सांगायला हवं होतंस. मी इतकी वर्षं पुंगळ्या धुताना लिंबू घालतोय."

६

शनिवारी समितीपुढे शैलजाने मोजमापं सांगितली, पण हकिगत काकांनी स्वतः सांगितली. पुंगळ्या घरच्या ओव्हनमध्ये त्यांनी ठेवल्या, तिथे त्या तापल्या. कोणी तापवल्या हे ते बोलले नाहीत आणि कोणी विचारलंही नाही. स्वतःच्या पदरात मात्र त्यांनी एक गोष्ट घेतली. ठिपके नव्हते, दांडा हलका येत होता, रंग वेगळा होता. प्रत्येक वेळी त्यांनी पितळाला प्रश्न विचारायचा सोडून स्वतःच्या म्हातारपणाला विचारला होता, आणि एकदा तर चक्क आनंदून गेले होते.

अध्यक्ष वयाने त्यांच्याएवढेच होते. ते म्हणाले, खांदा बरा झाला असं वाटलं तर मीही पुढे काही विचारणार नाही. समितीने काम काकांकडेच ठेवलं, आणि ज्या पुंगळीची खूण गेली ती तपासायची नाही, सरळ फेकायची, असा नवा नियम केला. संजीवने आपल्याकडची पेटी स्वतः आणून दिली. मॅनेजरला धन्यवाद दिलेस का, असं शैलजाने विचारलं. दिले, तो म्हणाला, आता पुढच्या रिलीजलाही मीच थांबायचं असं मॅनेजरने जाहीर केलंय.

घरी सुमित्रामावशी निमिषसमोर यायला तयार नव्हती. तो आला की ती वरच्या खोलीत जाऊन बसे. शेवटी निमिषच वर गेला. तो काय बोलला हे कोणालाच नीटसं कळलं नाही. त्याचं मराठी जेमतेम आणि तिचं इंग्रजी त्याहून जेमतेम. पण खाली येताना मावशीचा हात त्याच्या हातात होता, आणि ती त्याच्या गालावरच्या टाक्यांना हळद लावू की नको यावर त्याच्याशी वाद घालत होती.

टाके निघाल्यावरच्या रविवारी सगळेच रेंजवर गेले, मावशीसुद्धा. तिने कानांवर मोठे गोल ठोकळे चढवले होते आणि त्यांच्यावरून पुन्हा दोन्ही हात दाबून धरले होते. हवा थंड होती, डोंगरावर धुकं होतं. शैलजा तिच्या शेजारी उभी होती. या घराचं आपण कितीतरी देणं लागतो असं तिला नेहमी वाटे. आज तिला वाटलं, ते फिटलं नाही हेच बरं आहे. फिटलं असतं तर आपण इथे पाहुण्यासारखं उभं राहिलो असतो.

निमिषने दुसरी रायफल बाकावर ठेवली. काकांनी दुकानातून विकत आणलेली काडतुसांची नवीकोरी पेटी त्याच्यापुढे सरकवली. निमिषने ती परत सरकवली.

"नॉट दीज, बाबा. तुमची द्या."

काका म्हणाले, घाई काय आहे, पुढच्या वेळी बघू. निमिष तळहात पसरून तसाच उभा राहिला.

मागे कोणीतरी खोकलं. काकांनी पिशवीतून आपली पेटी काढली. तिच्यातलं एक काडतूस उचलून उजेडाकडे धरलं, हळूहळू फिरवलं, बूड पाहिलं, त्यावरच्या शाईच्या खुणा पाहिल्या. त्यांना एवढा वेळ लागलेला शैलजाने कधी पाहिला नव्हता. मग त्यांनी ते मुलाच्या हातावर ठेवलं, आणि क्षणभर आपलीही बोटं तिथेच राहू दिली.

निमिषने चष्मा नीट बसवला. बार झाला. दूर कागदावर, मधल्या वर्तुळाच्या जरा डावीकडे, भोक पडलं. मावशीने डोळे उघडले आणि आधी त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं.

निमिषने रायफल उघडली. पुंगळी टणकन बाकावर पडली. एरवी तो ती न बघता बादलीत टाकायचा. आज त्याने ती उचलली. ती अजून गरम होती. ती या हातातून त्या हातात करत त्याने ती उजेडात धरली, काका धरायचे तशी.

"यात मी काय काय बघायचं?" त्याने विचारलं.

काका बाकावर त्याच्या शेजारी सरकून बसले, आणि त्यांनी गळ्यापासून सुरुवात केली.